गोंदण, सुई आणि माणूस



चैत्राची पुनव जवळ आली की आपल्याकडे गावोगावच्या जत्रा भरू लागतात. देवळाच्या वाटेवर रेवड्या-बत्ताशांची दुकाने लागतात, बांगड्यांचे ढीग मांडले जातात, पाळणे फिरू लागतात, आणि त्या गर्दीच्या एका कडेला पोते अंथरून गोंदणारी बाई बसलेली असते. पूर्वी तिच्यापुढे दोऱ्याने एकत्र बांधलेल्या चार सुया आणि काजळीची वाटी असे. आता बॅटरीवर गुणगुणणारे यंत्र असते. वाटी मात्र अजून एकच असते. सुईही पुष्कळदा एकच. सकाळी पहिल्या हाताला लागलेली सुई संध्याकाळी शेवटच्या हातालाही लागते.

या सुईबद्दल आज मला आपल्याशी बोलायचे आहे. विषय आरोग्याचा आहे आणि मी काही डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवणारा माणूस. परंतु एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मला देता आले नाही. ते शोधताना जे कळले ते खेड्यांतून आणि शाळांतून सांगितले जावे असे वाटले, म्हणून हे भाषण. त्या विद्यार्थ्याच्या परवानगीनेच मी बोलतो आहे. त्याचे नाव-गाव मात्र सांगणार नाही.

हा मुलगा २००१ सालचा. जन्मतःच त्याला आईकडून एच.आय.व्ही.ची लागण झाली. वडील आधीच गेलेले. आई २००३ साली गेली. आपल्या देशात सरकारी रुग्णालयांतून या रोगावरची औषधे मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून, आणि पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्र होता. म्हणजे त्या माउलीचे थोडक्यात चुकले. मुलाला आजीने वाढवले. त्याला गोळ्या वेळेवर सुरू झाल्या. तो शिकला, पदवीधर झाला, आता नोकरी करतो. रोज एक गोळी घेतो आणि तुमच्या-माझ्यासारखा हिंडतो-फिरतो.

एका रविवारी तो माझ्या घरी आला. खिशातून एक जुना फोटो काढला. आईचा, लग्नातला. तिच्या मनगटावर गोंदलेली तुळस होती, आणि तुळशीच्या खाली चार ठिपके. तो म्हणाला, “सर, आईचं दुसरं काही माझ्याकडे नाही. ही तुळस मला माझ्या हातावर गोंदवून घ्यायचीय. आजी म्हणते, वर जाताना अंगावरचं सोनं लोक काढून घेतात, गोंदण कुणाला काढता येत नाही. पण मला असं करणं चालेल का?”

मी म्हटले, “एखाद्या चांगल्या दुकानात जा की.” त्यावर तो हसला. शहरातल्या एका दुकानात तो जाऊन आला होता. तिथे एक कागद भरून घेतात. त्यात काही आजार आहे का, असा प्रश्न होता. याने खरे ते लिहिले. मालकाने कागद वाचला, परत केला आणि म्हणाला, “आमच्याकडे जमणार नाही.” हे सांगून झाल्यावर तो म्हणाला, “आता जत्रेत बसतो, सर. तिथं कोण विचारतंय?”

श्रोतेहो, हे वाक्य ऐकून मी दचकलो. बघा कशी गोष्ट आहे. जिथे सुई बदलतात तिथे खरे बोलणाऱ्याला दाराबाहेर काढले. आणि जिथे कोणी काही विचारत नाही, तिथे एकच सुई शंभर हातांवरून फिरते. खरे बोलण्याचे फळ असे मिळाले तर माणूस पुढच्या वेळी गप्प बसायला शिकतो. त्या गप्प बसण्यात त्याचाही तोटा, आणि त्याच्यामागून त्या पोत्यावर बसणाऱ्या लेकीसुनांचाही.

आम्ही दोघे त्याच्या उपचार केंद्रात गेलो. ए.आर.टी. केंद्र म्हणतात ते. तिथल्या डॉक्टरांनी त्याचे कागद पाहिले, फोटो पाहिला आणि सरळ सांगितले, “हरकत नाही. पण कुठे, केव्हा आणि कसे, हे आधी ऐकून घ्या.” त्यांनी जे सांगितले, आणि मागाहून मी जे वाचले, ते आता क्रमाने सांगतो.

प्रथम गोंदणे म्हणजे काय होते ते पाहू. आपल्या कातडीचा वरचा पापुद्रा सतत झडत असतो. रंग तेवढ्यातच राहिला तर महिन्याभरात जाईल. तो जन्मभर टिकावा म्हणून सुई त्याखालच्या थरापर्यंत, एक ते दोन मिलिमीटर खोल जावी लागते. तिथे बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. म्हणजे प्रत्येक टोच्याला सुईचा रक्ताशी संबंध येतो. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ’रायली याने १८९१ साली गोंदण्याच्या विजेच्या यंत्राचे पेटंट घेतले. एडिसनने लिखाणाच्या प्रती काढण्यासाठी जी विजेची लेखणी बनवली होती तिच्यावरून त्याला ही युक्ती सुचली. जत्रेतले यंत्र त्याचेच वंशज. ते मिनिटाला शेकडो, कधी हजारो टोचे मारते. आता आपणच सांगा, दवाखान्यात एकाला टोचलेली सुई पुसून डॉक्टर दुसऱ्याला टोचू लागले तर आपण बसू का? मग जत्रेतच का बसतो?

आता कोणता रोग सुईतून किती पसरतो ते ऐका. हे आकडे रुग्णालयांतल्या परिचारिका आणि डॉक्टर यांना चुकून सुई टोचली गेली त्या घटनांच्या अभ्यासातून आले आहेत. उपचार न घेतलेल्या एच.आय.व्ही. रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली गेली तर हजारांत सुमारे तिघांना लागण होते. ‘क’ प्रकारच्या काविळीची लागण शंभरांत सुमारे दोघांना होते. आणि ‘ब’ प्रकारच्या काविळीची, लस न घेतलेल्या माणसांत, शंभरांत सहापासून तीस जणांपर्यंत होऊ शकते. एच.आय.व्ही.चा विषाणू शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही. ‘ब’ काविळीचा विषाणू मात्र वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहू शकतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तर असे म्हटले आहे की, त्यांच्या देशात गोंदवून घेतल्याने एच.आय.व्ही. झाल्याचे एकही प्रकरण नोंदले गेलेले नाही. धोका नाही असा याचा अर्थ नव्हे. सुई एकच असेल तर धोका आहेच. परंतु आपण ज्या रोगाचे नाव ऐकून घाबरतो त्याहून कितीतरी चिवट रोग त्या वाटीत असू शकतो, आणि त्याचे नावही कोणी काढत नाही.

म्हणून जत्रेतली सुई माझ्या विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंनी वाईट होती. त्याच्या शरीरात काविळीसारखा दुसरा रोग शिरला असता, आणि एच.आय.व्ही. असणाऱ्या माणसाला ही कावीळ अधिक छळते. शिवाय त्याच्या रक्ताची सुई पुढच्या माणसाला लागली असती. तो गोळ्या नेमाने घेतो, त्याच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका थोडा आहे, हे खरे. असा माणूस लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण देत नाही, हे आता जगभर मान्य झाले आहे. पण सुईच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबून राहू नये, असे डॉक्टरांनी त्याला बजावले. एकाची सुई दुसऱ्याला नाही, हा नियम सर्वांनाच लागू.

मग एच.आय.व्ही. असलेल्या माणसाने गोंदवून घ्यावे केव्हा? डॉक्टरांचे सांगणे असे. रोग नुकताच कळला असेल, गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या असतील, तर थांबावे. पहिल्या काही महिन्यांत शरीराची प्रतिकारशक्ती परत येत असते आणि त्या काळात सूज, गाठी, चट्टे असे त्रास उद्भवतात. रक्तातल्या सी.डी. ४ नावाच्या पेशी मोजतात. त्या २०० च्या खाली असतील तर साधी जखमही चिघळू शकते, तेव्हा थांबावे. ताप, खोकला, क्षय, अंगावर पुरळ असे काही असेल तर आधी त्याचा उपचार करावा. मधुमेह असेल, रक्त लवकर थांबत नसेल, जखमेच्या जागी गाठाळ व्रण उठण्याची सवय असेल, तर डॉक्टरांना तसे सांगावे. गोळ्या नेमाने चालू आहेत, विषाणू आटोक्यात आहे, पेशींची संख्या चांगली आहे, तर एच.आय.व्ही. आहे एवढ्या कारणाने गोंदण वर्ज्य नाही. ‘ब’ काविळीची तपासणी करून, लस घेतलेली नसेल तर ती आधी घ्यावी.

आणि कुठे? हे सर्वांनीच ऐकून ठेवण्यासारखे आहे. सुईचे बंद पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडले गेले पाहिजे. सुई स्पिरिटने पुसली, दिव्यावर धरली, गरम पाण्यात बुडवली, एवढ्याने भागत नाही. रुग्णालयात उपकरणे निर्जंतुक करतात ती १२१ अंश उष्णतेच्या वाफेत, दाबाखाली, पंधरा ते वीस मिनिटे ठेवून. आपल्या प्रेशर कुकरचाच तो थोरला भाऊ. सुई तर एकदा वापरून फेकायचीच वस्तू आहे. गोंदणाऱ्याच्या हातात नवे मोजे हवेत. केस काढायला नवे पाते हवे.

शाई प्रत्येकासाठी वेगळ्या लहान टोपणात ओतलेली हवी आणि उरलेली परत बाटलीत जाता कामा नये. शाईत नळाचे पाणी तर मुळीच घालू नये. शाईची गोष्ट क्षुल्लक समजू नका. २०११ साली अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरी एका दुकानात गोंदवून घेतलेल्या १९ जणांच्या कातडीला क्षयाच्या जंतूंच्या नात्यातल्या एका जंतूची लागण झाली. सुया स्वच्छ होत्या. दोष निघाला तो कारखान्यातून तयार होऊन आलेल्या करड्या शाईत.

गोंदवून झाल्यावर ती जागा ही जखम आहे असे समजावे. स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी, कोरडी ठेवावी. राख, शेण, चुलीतली काजळी असले काही लावू नये. दोन-तीन आठवडे नदीत, विहिरीत, तळ्यात पोहू नये. खपली खाजवू नये. जागा लाल होऊन लाली पसरू लागली, पू आला, ताप भरला, तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठावा. आणि या सगळ्यात रोजची गोळी चुकवू नये.

आता तुम्ही म्हणाल, हे सर्व ठीक आहे, पण ज्याला असा रोग आहे त्याने सांगितलेच पाहिजे की नाही? इथे मी माझ्या विषयाकडे वळतो.

माणसाला खूण करून वेगळे पाडण्याचा इतिहास मोठा आहे. ग्रीक भाषेत ‘स्टिग्मा’ म्हणजे टोचून केलेली खूण. गुलाम पळून गेला, गुन्हेगार सापडला, तर त्याच्या अंगावर ती गोंदत. इंग्रजीत तोच शब्द आज कलंक या अर्थाने चालतो. आपल्या देशातही कंपनी सरकारच्या काळात, बंगालकडे आणि मद्रासकडे, जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्ह्याचे नाव गोंदले जाई. ती चाल १८४९ साली कायद्याने बंद झाली. पण माणसाच्या मनातून ती गेली नाही. एच.आय.व्ही.चा रोग १९८१ साली जगाच्या लक्षात आला आणि १९८६ साली चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, आपल्या देशातले पहिले रुग्ण आढळले. त्याच १९८६ साली विल्यम बकले या अमेरिकन लेखकाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये अशी सूचना केली की, या रोगाच्या प्रत्येक माणसाच्या कोपराखालच्या हातावर आणि कुल्ल्यावर खूण गोंदावी, म्हणजे इतरांना सावध राहता येईल. ती सूचना कोणी अंमलात आणली नाही हे माणुसकीचे नशीब. पुढे तिथल्या काही रुग्णांनी स्वतःहून आपल्या रोगाची खूण अंगावर गोंदवून घेतली. आमची लाज आम्हीच पुसली, असे त्यांना सांगायचे होते. दुसऱ्याने लादलेली खूण आणि स्वतः निवडलेली खूण यांत केवढे अंतर आहे, ते यावरून ध्यानात येईल.

आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही बघा. आपल्याला रोग आहे हे कितीतरी माणसांना स्वतःलाच ठाऊक नसते. मालक ज्याला घालवून देतो तो खरे सांगणारा, उपचार घेणारा, विषाणू आटोक्यात ठेवलेला माणूस असतो. ज्याला काहीच माहीत नाही तो खुर्चीवर निश्चिंतपणे बसतो. तेव्हा विचारपूस करून कोणाचेच रक्षण होत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाचे रक्त संसर्गाचे असू शकते असे धरून चालायचे, आणि प्रत्येकासाठी नवी सुई काढायची, यानेच सर्वांचे रक्षण होते. रुग्णालयांत आज हाच नियम आहे.

आपला कायदाही हेच बोलतो. एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या रोगाच्या कारणाने कोणाला नोकरी, शाळा, दवाखाना, दुकान, सार्वजनिक सेवा नाकारता येत नाही. आपला रोग जाहीर कर, अशी सक्तीही कोणावर करता येत नाही. पण तोच कायदा रोग्यावरही एक कर्तव्य घालतो. दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून शक्य ती सर्व काळजी त्याने घेतली पाहिजे. जिथे सुई फेकून देतात अशाच ठिकाणी बसणे, हे त्या कर्तव्यात येते. जत्रेत कोणी विचारत नाही म्हणून बसणे त्यात बसत नाही. हे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बरोबर आहे, सर. आईलाही हे कुणीतरी न सांगितल्यानंच झालं असेल.”

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन गोष्टी सांगतो. वसतिगृहांतून मुले कंपासच्या टोकाने आणि पेनाच्या शाईने एकमेकांच्या हातांवर नावे टोचतात. तेच टोक चौघांच्या हातांतून फिरते. रागावून भागणार नाही. रक्ताची आणि सुईची गोष्ट समजावून सांगा. दुसरी गोष्ट, आपल्या वर्गात एखादे मूल रोज ठरल्या वेळी गोळी घेत असेल. त्याच्याबरोबर बसल्याने, जेवल्याने, एका हंड्यातले पाणी प्याल्याने, खेळताना हात धरल्याने काही होत नाही. ते कसली गोळी घेते, हे चार लोकांत काढू नका.

गावकऱ्यांना, विशेषतः यात्रा समितीच्या मंडळींना, एक विनंती. गोंदणाऱ्या बाईला हुसकून लावू नका. तिचे ते पोट आहे. आणि दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताजवळ बसणारी तीच असल्याने सर्वांत मोठा धोका तिलाच आहे. जत्रेत आपण दिव्यांवर, मांडवावर, लाउडस्पीकरवर खर्च करतो. त्यातच सुयांची बंद पाकिटे, हातमोजे, शाईची लहान टोपणे आणि वापरलेल्या सुया टाकायला एक जाड डबा, एवढे तिला द्या. यंत्राचा जो भाग अंगाला लागतो तोही बदलायला सांगा. गावच्या परिचारिकेने तिला ‘ब’ काविळीची लस घेण्याविषयी सांगावे. एका सुईची किंमत पाळण्याच्या एका फेरीहून फारशी जास्त पडत नाही.

कोणाला दुसऱ्याची वापरलेली सुई लागलीच, तर घाबरून घरी बसू नका आणि लपवूही नका. लागण टाळण्याची औषधे आहेत. ती लवकरात लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. जवळच्या सरकारी रुग्णालयात तत्काळ डॉक्टरांना भेटा. १०९७ या क्रमांकावर फोन केला तर एच.आय.व्ही.विषयी माहिती फुकट मिळते.

शेवटी त्या तुळशीचे काय झाले ते सांगतो. चौकशी करकरून आम्हाला एक गोंदणारा तरुण मिळाला. माझ्या विद्यार्थ्याने त्याला आपण होऊन सगळे सांगितले. सांगितलेच पाहिजे असे नव्हते, पण त्याला ते सांगून पाहायचे होते. तो तरुण म्हणाला, “मी सगळ्यांनाच नवीन सुई लावतो. तुम्हालाही तीच पद्धत.” एवढे बोलून त्याने पाकीट फोडले. फोटो समोर ठेवला. तुळस झाली. ठिपके काढताना मात्र तो थांबला, कारण फोटोत चौथा ठिपका जरा तिरका पडला होता. “हा सरळ करू का?” त्याने विचारले. “नको,” आमचा मुलगा म्हणाला, “तसाच राहू द्या.”

तीन आठवड्यांत जागा भरून आली. परवा आजीने त्याचा हात हातात घेतला आणि त्या तिरक्या ठिपक्यावर बराच वेळ बोट ठेवले, असे त्याने मला सांगितले.

श्रोतेहो, यंदाच्या जत्रेत जाल तेव्हा त्या पोत्याजवळ क्षणभर थांबा. तिथे कोण बसले आहे हे पाहू नका. सुई नवी आहे का, एवढे विचारा.